कुंभाराघरचा सुतार

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला माझ्या फोनवर कोस्टारिकाची सकाळ उगवते. भाची तिकडे तुरियाल्बा नावाच्या गावी शेतीसंशोधनाच्या संस्थेत शिकायला आहे. कॉफीवर सावली धरणाऱ्या झाडांवर तिचं काम चाललंय. त्यांच्या-आमच्या घड्याळात साडेअकरा तासांचा फरक. ती सहाला उठून मळ्यात जायला निघते तेव्हा मी इथे गॅलरीत, भाजलेल्या शेंगांचं ताट मांडीवर घेऊन, उन्हं उतरायची वाट बघत बसलेला असतो.

संक्रांतीला भरणारी आमची सोलापूरची गड्ड्याची जत्रा उठून तीन-चार आठवडे झाले असतील. एक फोटो आला. झाडाच्या खोडाला चिकटलेला तपकिरी पक्षी, आपल्याकडे पाठ करून. खाली एवढंच: ‘मामा, ओळखा.’

मी वाचायचा चष्मासुद्धा लावला नाही. लिहिलं, ‘सुतार. मादी असणार, डोक्यावर लाल दिसत नाही.’ एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी तोच फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, ‘आपल्या पोरीने परदेशात सुतार टिपला’ असं वर लिहून. अर्ध्या तासात सगळ्या काका-मावश्यांचे अंगठे येऊन पडले. एका मेहुण्याने तर ‘तुमच्या नजरेला मानलं’ असंही लिहिलं. हे वाक्य नंतर दोन दिवस मला टोचत राहिलं.

भाचीचं उत्तर रात्री आलं. ‘मामा, त्याचे पाय बघितले का?’

पाय मी बघितले नव्हते. खरं सांगायचं तर मी पक्षीही बघितला नव्हता. उभं खोड, त्याला बिलगलेलं अंग, खाली टेकवलेली शेपूट, एवढं दिसलं आणि डोक्यातून तयार शब्द बाहेर पडला.

आता माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे ही चूक मला एवढी का लागली ते कळेल. सदतीस वर्षं मी चादरी आणि टॉवेलांची डिझाइनं काढली. जेकार्डचं काम. चौकटीच्या कागदावर एकेक घर भरत जायचं; भरलेलं घर म्हणजे ताण्याचा, उभा धागा वर, मोकळं घर म्हणजे खाली. त्या कागदावरून पत्त्यांना भोकं पाडायची आणि पत्त्यांची माळ मागावर चढवायची. एक घर चुकलं तर चादरभर तीच चूक पुन्हा पुन्हा येते. त्यामुळे बघणं हा माझा धंदा होता असं मी समजून चाललो होतो. आणि ह्याच सदतीस वर्षांत मी चादरींवर पोपटांच्या जोड्या किती काढल्या असतील त्याला गणती नाही. डहाळीवर बसलेला पोपट, समोर पोपटीण, मध्ये आंबा. त्या सगळ्या पोपटांची तीन बोटं डहाळीच्या पुढे मी काढत आलो, कारण कावळ्याची असतात, चिमणीची असतात, तशी पोपटाचीही असणार. पोपटाची दोन पुढे आणि दोन मागे असतात. मला हे कळलं ते निवृत्तीनंतर, शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यासमोर उभं राहिल्यावर. तोवर माझे चुकीचे पोपट कुठे कुठे अंथरले गेले होते, देव जाणे. एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही, हा भाग वेगळा.

तर पाय. मी चष्मा लावला आणि फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला. खोडावरच्या पंजात तीन बोटं वर, एक खाली. सुताराचे पाय असे नसतात. त्याची बोटं पोपटासारखी, दोन पुढे दोन मागे. चढताना मागच्यातलं बाहेरचं बोट तो बाजूलाही वळवतो. म्हणजे चिमणीचे पाय घेऊन सुताराचं काम करणारा हा कुणीतरी तिसराच होता.

भाचीला नाव आधीच माहीत होतं. मामाची परीक्षा चालली होती. तिच्या संस्थेतली माणसं त्याला ‘त्रेपादोर’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये त्रेपार म्हणजे चढणं, त्रेपादोर म्हणजे चढणारा. इंग्रजीत वुडक्रीपर. मराठीत नाव असण्याचं कारणच नाही, कारण ही मंडळी मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच राहतात, तिथून बाहेर पडलेली नाहीत. आम्ही आमच्यापुरतं ‘खोडचढ्या’ ठरवून टाकलं.

नावांचा विषय निघालाच आहे तर थोडं तिकडे वळतो. सोलापुरात वाढलेल्या माणसाला एका वस्तूची तीन नावं सहज तोंडात असतात. पूर्व भागातले माझे मागावरचे जोडीदार तेलुगू बोलणारे. ते सुताराला ‘वड्रंगि पिट्ट’ म्हणायचे. वड्रंगि म्हणजे सुतारच. अक्कलकोटकडचा कानडी बोलणारा मित्र म्हणतो ‘मरकुटिग’, मर म्हणजे झाड, त्याला कुटणारा. आणि भाची सांगते, तिकडे स्पॅनिशमध्येही सुतार पक्ष्याचं नाव ‘कार्पिंतेरो’, म्हणजे पुन्हा सुतारच. समुद्रापलीकडे एकमेकांचं तोंड न बघितलेल्या माणसांनी एकाच पक्ष्याच्या हाती एकच पटाशी दिली. मारुती चितमपल्ली ह्याच गावचे, १९३२ चा जन्म. वनखात्यात नोकरी करता करता त्यांनी पक्ष्यांची नावं भाषाभाषांतून वेचून कोशात लावली. २००६ साली साहित्य संमेलन सोलापुरात भरलं तेव्हा अध्यक्ष तेच होते, आणि २०२५ च्या जूनमध्ये ते इथेच गेले. नावाला किती जपावं हे ह्या गावाने त्यांच्याकडून शिकायला हवं होतं. मी शिकलो ते उलटंच: नाव हाताशी असलं की बघायची गरज पडत नाही.

ह्यात मला थोडं बरं वाटावं अशी एक गोष्ट भाचीने सांगितली. खोडचढ्यांच्या एका गटाचं शास्त्रीय नाव ‘डेंड्रोकोलाप्टिस’. ग्रीकमध्ये डेंड्रॉन म्हणजे झाड, आणि पुढचा भाग टोचणारा, कोरणारा ह्या अर्थाचा. म्हणजे सरळ अर्थ ‘झाड टोचणारा’. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्याने हे नाव ठेवलं त्यालाही तो सुतारासारखाच दिसला म्हणायचा. आणि हा पक्षी झाड टोचत नाही! साल उचकटतो, फटीत चोच घालतो, शेवाळ चाळतो, किडा-कोळी चिमट्याने उचलावा तसा उचलतो. लाकूड फोडायची ताकद त्याच्या मानेत नाही. घरटं झाडाच्या ढोलीत करतो, पण ढोली आयती लागते, स्वतः कोरत नाही. पटाशीविना सुतार.

मग हा आहे कोण? इथे मला खरी गंमत वाटली. त्याचं कूळ फर्नारिइडी. लॅटिनमध्ये फुर्नुस म्हणजे भट्टी. ह्या कुळाला नाव मिळालं ते ‘ओर्नेरो’ नावाच्या पक्ष्यावरून. तो चिखलाचं घुमटासारखं घरटं बांधतो, अगदी भाकरी भाजायच्या बंद भट्टीसारखं, बाजूला दार आणि आत आडभिंत. अर्जेंटिनाचा तो राष्ट्रीय पक्षी. पूर्वी खोडचढ्यांचं कूळ वेगळं मानत, आता त्यांना ह्या भट्टीवाल्यांतच धरतात. कुंभाराच्या घरात जन्मला, सुताराच्या कामाला लागला, आणि सुताराचा पोशाख अंगावर चढवून बसला. मी फसलो त्यात नवल नाही, असं मी बायकोला म्हटलं. ती म्हणाली, पोशाख बघून तुम्ही भाजीवाल्यालाही फसता.

पोशाखाचा मुख्य भाग म्हणजे शेपूट. सुतार खोडावर चढतो तेव्हा शेपटीच्या ताठ पिसांचा टेकू घेतो; दोन पाय आणि शेपूट, तिवईसारखं तीन ठिकाणी वजन. खोडचढ्याचंही तसंच, पण त्याच्या शेपटीच्या पिसांचे दांडे टोकाला पिसाबाहेर उघडे निघतात, कडक असतात आणि आत वळलेले असतात. साडीच्या पदराला धागे मोकळे सोडतात ना, तसे, फक्त इथे दशांच्या जागी आकडे. ते सालीत रुतवून तो उडी मारत वर सरकतो. दोघांचं कूळ वेगळं, पण उभ्या खोडावर पोट भरायचं म्हटल्यावर शेपटीला हाच मार्ग सापडला. अर्थात हाच एक मार्ग आहे असंही नाही. आपल्याकडच्या शिलींध्रीला शेपटीचा टेकू लागत नाही, ती डोकं खाली करूनही खोड उतरते. मध्य भारतातल्या कोरड्या जंगलात अंगभर ठिपके असलेला एक छोटा झाडचढ्या आहे, त्याची शेपूट मऊच, तोही पायांच्या जोरावरच चढतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विजापूर रोडवरच्या सिद्धेश्वर वनविहारात गेलो. एरवी फिरायला जातो, त्या दिवशी शेपूट बघायला गेलो.

सोलापूरच्या पक्षीवेड्यांची नजर आडवी असते. ही माझी तक्रार नाही, गावचा भूगोल आहे. वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, भोवती माळ. आमचं नाव झालं ते नान्नजच्या माळढोकामुळे. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य केलं. पोरं दुर्बीण घेऊन निघतात ती माळावर, चंडोल, धाविक, पखुर्डी, भोवत्या, सगळे जमिनीवर किंवा जमिनीलगत. क्षितिजावरून नजर फिरवत जायची, गवतात काही हललं की थांबायचं. बाण्याचा आडवा धागा जातो तशी. झाडाच्या बुंध्यापासून सुरुवात करून वर शेंड्यापर्यंत एकेक वीत बघत जायचं, ही ताण्याची नजर आम्हाला सवयीची नाही. तुरियाल्बात पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या वर. तिथे क्षितिज दिसतच नाही म्हणे, खोडंच दिसतात.

वनविहारात गिरिपुष्प फुललं होतं. पानं सगळी झडून गेलेली, फांद्यांना नुसते गुलाबी-जांभळे झुपके. उंदीरमारी म्हणतात ती हीच. मी एका झाडाखाली उभा राहून फोटो काढला आणि भाचीला पाठवला, आमच्याकडचा वसंत बघ म्हणून. ती म्हणाली, ‘मामा, हे इथलंच झाड आहे. मादेरो नेग्रो. मळ्याच्या कुंपणाला लावतात.’ मी उडालोच. गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं. रस्त्याकडेचा तो छत्रीसारखा पसरलेला मोठा शिरीष, रेन ट्री, तोही त्याच बाजूचा. म्हणजे रोज सकाळी मी ज्या सावलीतून चालतो ती सावलीच कोस्टारिकाची. झाडं समुद्र ओलांडून सोलापूरच्या मुरमात रुजली, त्यांच्या खोडावर चढणारा मात्र तिकडेच राहिला. त्याच्या जागी इथे कोण चढतं?

अर्धा तास उभा राहिल्यावर उत्तर मिळालं. आधी आवाज आला, चिक्, मग थोडं थांबून चिक्-चिक्-चिक्-र्र्र. मग एका वाळक्या फांदीवर हालचाल. बुलबुलाहून थोडा लहान, पाठीवर काळपट तपकिरी रंगावर पांढरे ठिपके शिंपडलेले, कपाळ पिवळसर, मागे डोक्यावर लाल. पोटाखाली शेपटीच्या अलीकडे एक लाल डाग, तोही दिसला, कारण ह्या वेळी मी खालून बघत होतो. मराठा सुतार. जॉन लॅथम नावाच्या इंग्रज पक्षीशास्त्रज्ञाने १८०१ साली त्याला ‘मराटेन्सिस’ हे लॅटिन नाव दिलं, म्हणजे मराठ्यांच्या मुलखातला. पेशवाई अजून उभी होती तेव्हा. खरं तर तो पाकिस्तानापासून श्रीलंकेपर्यंत आणि पलीकडे ब्रह्मदेशातही आहे, पण नाव आपलं लागलं. इतकी वर्षं मी त्याला ‘छोटा सुतार’ एवढंच म्हणत आलो होतो.

त्या दिवशी मी त्याची शेपूट बघितली. फांदीवर दाबली की मधली पिसं जराशी वाकतात आणि दोन फांकांमध्ये पसरतात. उडी मारताना शेपूट क्षणभर सुटते, पुन्हा टेकते. टेकते आणि मगच टोचा बसतो, आधी नाही. मी मोबाइलमध्ये चित्रफीत घेऊन संध्याकाळी भाचीला पाठवली. तिने तिकडून खोडचढ्याची पाठवली. दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या. सुतार एका जागी थांबतो, काम करतो, मान मागे नेतो. खोडचढ्या थांबत नाही. बुंध्याजवळ येऊन बसतो, खोडाभोवती गोल गोल वळसे घेत वर जातो, जाता जाता फटी तपासतो, आणि वर पोचला की खाली झेपावून पुढच्या झाडाच्या बुंध्याशी. मीटर बघायला आलेला माणूस जसा घराघरांतून जातो तसा. चहा घेणार का म्हटलं तरी थांबत नाही.

एवढं झाल्यावर मला वाटलं काम संपलं. सुतार नाही, खोडचढ्या. तर भाची म्हणते, ‘पण कुठला?’

कोस्टारिकात खोडचढ्यांच्या पंधरा-सोळा जाती आहेत. देशाचा आकार आमच्या सोलापूर जिल्ह्याच्या साडेतीनपट, पक्ष्यांच्या जाती नऊशेच्या वर. आणि हे सगळे खोडचढे तपकिरी! अंग तपकिरी, पंख आणि शेपूट विटकरी. रंगावरून ओळखू म्हणाल तर विसरा. कॉफीच्या मळ्यातला हिरवा अंधार आणि मोबाइलचा कॅमेरा मिळून तपकिरीचं काय वाटेल ते करतात. इथे पहिल्यांदा माझी सदतीस वर्षं कामाला आली. रंग काढून टाका, उरतं ते डिझाइन. उभी रेघ, आडवा पट्टा, ठिपका, थेंब, किंवा काहीच नाही. कुठल्या जातीला डोक्यापासून पोटापर्यंत बारीक आडवे पट्टे, कुठली अंगाने सपाट कोरी, कुठल्या जातीच्या डोक्यावर ठिपके, कुठलीच्या रेघा. ही भाषा मला येत होती. मी जुन्या ट्रंकेतून चौकटीचे कागद काढले.

पहिल्यांदा चोच. ह्यांच्यात चोचीचे नमुने असे आहेत की एखाद्या हत्यारांच्या दुकानात गेल्यासारखं वाटतं. एकाची आखूड आणि पाचरीसारखी; तो ह्यांच्यातला सगळ्यात लहान, जेमतेम चौदा-पंधरा सेंटिमीटरचा. एकाची विळ्यासारखी लांब आणि वाकडी. एकाची जाड, सरळ, छिन्नीसारखी. आमच्या फोटोतली बारीक, फिकट आणि किंचित खाली वळलेली, चादर शिवायच्या दाभणासारखी. पाचर बाद, विळा बाद.

मग जागा. तुरियाल्बा समुद्रसपाटीपासून सहाशे-साडेसहाशे मीटरवर आहे. डोक्यावर ठिपके असलेला खोडचढ्या, ज्याची चोच अशीच फिकट, तो डोंगरात वर राहतो. डोक्यावर रेघा असलेला खाली, मळ्यांत, विरळ झाडीत, घनदाट जंगलाबाहेरही. आणि ज्या झाडावर हा बसला होता ते कॉफीच्या मळ्यातलं पोरो. पोरो म्हणजे आपल्या पांगाऱ्याचा सख्खा चुलतभाऊ, तशीच भगवी फुलं. त्याच मळ्यात ज्याला लाउरेल म्हणतात ते आपल्या भोकराच्या नात्यातलं. हे सगळं ऐकताना मला तिकडे जाऊन आल्यासारखं वाटायला लागलं होतं.

पण अजून एक उमेदवार होता. कोकोच्या नावाचा खोडचढ्या, त्याच उंचीवर सापडणारा. हा अंगाने मोठा, बावीस-तेवीस सेंटिमीटर, चोच जाड आणि सरळ. आमचा वीसच्या आत असायला हवा. पण फोटोत मोजपट्टी कुठे असते? आणि डोकं, जिथे निकाल लागणार, ते फोटोत सालीच्या फुगवट्यामागे झाकलेलं. मी भाचीला म्हटलं, डोक्याचा फोटो पाहिजे. ती म्हणाली, मामा तो पोझ देत नाही.

चार दिवस डोकं मिळालं नाही. मिळाल्या त्या हकिकती. आतल्या जंगलात लष्करी मुंग्यांची धाड निघते, हजारो मुंग्या जमीन झाकत जातात, आणि त्यांच्यापुढे जीव घेऊन पळणारे किडे, नाकतोडे टिपायला मोठे खोडचढे बुंध्यांना लटकून दबा धरतात. मुंग्यांना हातही लावत नाहीत. हे तिने एका रविवारी बघितलं आणि रात्रभर तिला झोप आली नाही. माझीही तीच गत झाली, आणि मी तर इथे नुसतं ऐकत होतो. आपल्याकडे ट्रॅक्टर नांगरायला लागला की मागे बगळे जमतात, त्यातलंच हे.

पाचव्या संध्याकाळी आवाज आला. फोनमध्ये आधी पावसाची सर, कुणाचं तरी स्पॅनिश, आणि मग वरून खाली घरंगळत येणारी एक लांब शीळ. स्टीलच्या ताटात मोहरी ओतावी तशी एकसारखी, शेवटी शेवटी खाली बसत जाणारी. भाचीने तो आवाज कॉर्नेल विद्यापीठाच्या मर्लिन नावाच्या ॲपला ऐकवला होता, आणि ॲपने एका क्षणात नाव दिलं होतं. रेघवाल्या डोक्याचा. कोकोवाला असा ओरडत नाही. तो एकेक मोठी स्पष्ट हाक देत जातो.

मला ॲपचा थोडा राग आला. वय झालं की येतो. पण आवाजावर विश्वास ठेवायला कारण होतं, तेही भाचीनेच सांगितलं: ह्या गटातले पक्षी बुलबुल-दयाळांसारखं गाणं ऐकून ऐकून शिकत नाहीत, ते बरोबर घेऊनच जन्माला येतात असं मानतात. म्हणजे गावोगाव फारसे फेरफार नाहीत. घराणं नाही, गुरू नाही. पत्त्यांवर भोकं आधीच पाडलेली, माग चालू झाला की तेच डिझाइन येणार. हे मला लगेच पटलं.

तरीही मी हट्ट सोडला नाही. डोकं.

ते आठव्या दिवशी आलं. पाऊस थांबल्यावर पक्षी पोरोच्या एका आडव्या फांदीच्या खालच्या अंगाला, उलटा, मान आमच्याकडे. धूसर फोटो, पण कपाळापासून मानेपर्यंत फिकट बारीक उभ्या रेघा, एकमेकींना समांतर, मध्येच तुटलेल्या. ठिपके नव्हते. पाठ जवळजवळ कोरी. पोटावरच्या फिकट रेघांना दोन्ही बाजूंनी गडद काठ, जसा आम्ही पट्टी उठून दिसावी म्हणून तिला काळा धागा द्यायचो. मी चौकटीच्या कागदावर ते डोकं काढलं. सव्वीस घरं रुंद, चाळीस उंच. पायाची बोटं काढताना पेन्सिल थांबली. तीन वर, एक खाली, दोनदा मोजली. स्पॅनिशमधलं त्याचं पूर्ण नाव भाचीने सांगितलं, ते मी खाली देवनागरीत लिहिलं: त्रेपादोर काबेसिर्रायादो. डोक्यावर रेघा असलेला चढणारा. बायको म्हणाली, एवढ्या वेळात एक टॉवेल विणून झाला असता.

घरच्या ग्रुपवर दुरुस्ती टाकणं भाग होतं. ‘आधी पाठवलेला पक्षी सुतार नसून खोडचढ्या आहे, सुताराशी त्याचं काही नातं नाही, क्षमस्व.’ दोन अंगठे आले, तेही सवयीने. मेहुण्याने काही लिहिलं नाही. फक्त मोठ्या वहिनींनी विचारलं, ‘मग सुतार कुठे गेला?’

परवा पुन्हा वनविहारात गेलो होतो. गिरिपुष्पाची फुलं आता संपत आली आहेत, शेंगा धरल्यात. त्याच वाळक्या फांदीला खालच्या बाजूने एक गोल भोक पडायला लागलंय, रुपयापेक्षा थोडं मोठं, खाली पानांवर ताजा भुसा. मी उभा राहिलो. टक्टक् थांबली. तो खोडामागे सरकला. मी डावीकडे गेलो, तो उजवीकडे. मी उजवीकडे आलो, तो अर्थातच डावीकडे. एकदा नुसती चोच दिसली, एकदा शेपटीचं टोक. झाडाभोवती माझ्या दोन फेऱ्या पूर्ण झाल्या असतील. तेवढ्यात राखणदार काठी टेकत आला, माझ्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं.

‘काय बघायलाव ओ काका?’

‘पक्षी आहे.’

‘कसला हाय?’

‘थांबा,’ मी म्हटलं, ‘बघून सांगतो.’